एका माणसाची गाडी

आरसा गेला तेव्हा आवाज झाला, पण दिसलं काहीच नाही. बोईसरच्या नाक्यावरून तारापूरच्या रस्त्याला लागलो होतो. सकाळचे साडेनऊ वाजलेले, कंपन्यांच्या बसगाड्या कधीच आत गेलेल्या, रस्ता जवळजवळ रिकामा. मी तिसऱ्या गिअरवर, खिडकी उघडी, डोक्यात कसलाच गोंधळ नाही. आणि एकदम डावीकडे कुणीतरी जेवणाचं ताट आपटावं तसा आवाज. ब्रेक मारला, उतरून मागे गेलो, तर कडेला एक टेम्पो उभा. निळा, चांगला थोराड, मागे पिंपं लादलेला. त्याच्या चाकापाशी माझ्या गाडीचा डावा आरसा तुकडे होऊन पडलेला. टेम्पोच्या सावलीत चहा पीत बसलेला ड्रायव्हर उठून उभा राहिला. त्याला राग आलाय म्हणावं तर तसंही नव्हतं, त्याला नवल वाटत होतं. “साहब, खड़ी गाड़ी थी,” तो म्हणाला. “आपने देखा ही नहीं?” त्याच्याशी मी वाद घातला. टेम्पो रस्त्यात आलाय म्हणालो, पांढऱ्या पट्टीच्या आत लाव म्हणालो. त्याने शांतपणे खाली बघितलं. टेम्पोची चाकं पट्टीच्या चांगली वीतभर आत होती. वीत म्हणजे माझ्या हिशेबात पुष्कळ. तीस वर्षं मी याच रस्त्यावर दोन बोटांच्या अंतराने गाड्या काढत आलोय, आणि त्याचा मला भलताच माज होता, हेही सांगून टाकतो.

पुढे जाऊन गाडी बाजूला घेतली. समोर एका कारखान्याची पाटी होती, रोज दिसणारी. तिचं शेवटचं अर्धं नाव मी वाचलं आणि पहिलं अर्धं मला आठवलं. वाचलं नाही, आठवलं. हा फरक तिथे बसल्याबसल्या माझ्या लक्षात आला. उजवा डोळा हाताने झाकला, तरी तेवढंच. डावा झाकला, तरी तेवढंच. एक डोळा बिघडला असता तर दुसऱ्याने सांभाळून घेतलं असतं. इथे दोघांनी मिळून माझ्याविरुद्ध संगनमत केलेलं. मान डावीकडे वळवली की पाटी पूर्ण व्हायची, सरळ केली की पुन्हा अर्धी. मी मानेचा तो खेळ बराच वेळ करत बसलो. मग म्हटलं, पित्त झालं असेल. चष्म्याचा नंबर वाढला असेल. पन्नाशी उलटल्यावर माणूस स्वतःला किती तऱ्हांनी समजावतो याची मोजदाद केली पाहिजे. मान तिरकी ठेवून कारखान्यात गेलो. पंप दुरुस्तीचं माझं छोटं वर्कशॉप आहे. दिवसभर सीलं तपासली, केसाएवढ्या फटी अचूक पकडल्या. हातात धरून डोळ्यांसमोर आणलेली वस्तू मला पूर्ण दिसत होती. म्हणून संध्याकाळपर्यंत माझी खात्री झाली की मला काहीही झालेलं नाही.

गाडी हा माझा एकच विषय. माझी बायको भाविका म्हणते, यांना मुलीचा वाढदिवस आठवत नाही, पण कुठल्या गाडीचा कुठला गिअर कुरकुरायचा ते बरोबर आठवतं. मी तिच्याशी कधी भांडलो नाही, कारण ते खरं आहे. या वेडाचं मूळ विचाराल तर केळव्याच्या किनाऱ्यावर आहे. आमचं घर तिथून जवळच, पालघरच्या माहीमला. बाबांची, म्हणजे कमलाकांत राऊतांची, पानवेलींची वाडी होती. मी नऊ वर्षांचा असताना मुंबईचा कुणी एक हौशी माणूस लाल, बुटकी, उघडी गाडी घेऊन किनाऱ्यावर उतरला आणि रेतीत रुतला. भरती चढत होती. होड्या ओढायचे दोर आणले गेले, तीस-एक माणसं लागली. मला मागून ढकलायला ठेवलं होतं. माझे तळवे त्या तापलेल्या पत्र्यावर टेकले आणि इंजिनची थरथर मनगटातून थेट दातांत आली. तो माणूस काळा चष्मा लावून स्टिअरिंगमागे बसूनच होता. शेजारची सीट रिकामी. मला वाटलं, याला जगात कुणाचीच गरज नाही. खरं तर तीस माणसं कमरेएवढ्या पाण्यात त्याची गाडी ओढत होती, पण नऊ वर्षांच्या पोराला दिसायचं तेच दिसतं. गाडी वर आली, तो हात हलवून निघून गेला. मी रात्री जेवलो नाही. बाबा म्हणाले, “लोखंडच हाय ते. खाऱ्या पान्यात भिजला का गंजतो.” त्यांच्यावर मी त्या दिवशी जो रागावलो तो बहुधा अजून पुरता निवळलेला नाही.

तेव्हापासून मी एक गाडी कागदावर काढत होतो. कॉलेजात, लग्नात मिळालेल्या डायऱ्यांत, तेजल झाली तेव्हा हॉस्पिटलच्या बिलामागे. विकत मिळणारी कुठलीच गाडी नव्हे. माझी, एकच, जगात दुसरी नसलेली. चार वर्षांपूर्वी ती बांधायला दिली. सांगाडा पालघरच्या सुजितने घेतला. गॅरेजवाला असला तरी त्याच्या वेल्डिंगला हात लावावासा वाटतो. इंजिन एका ठोकलेल्या गाडीचं, पण तब्येतीने उत्तम. अंगाचं मात्र कुणाला जमेना. ज्याला विचारावं तो कुठल्यातरी गाडीचं चित्र फोनवर दाखवायचा, “अशीच ना?” म्हणायचा. मग एकदा घिवलीच्या किनाऱ्यावर पालथी घातलेली नवी होडी बघितली. तिच्या पोटाला जो बाक होता तो मी इतकी वर्षं कागदावर काढत होतो आणि मला साधत नव्हता. होडी बांधणाऱ्याचं नाव वामन. आधी लाकडाच्या बांधायचा, आता फायबरच्या बांधतो. साठीचा, अंगाने सुका, बोलताना समोरच्याच्या हातांकडे बघणारा. माझी चित्रं त्याने उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, “बसनार किती जन?”

“एक.”

“एक?” तो हसला. “शेट, एका मानसाची होडी आमी बांधत नाय. जालं वडायला दुसरा लागतो. दुसरा नसला तं परत आल्यावर दोरी कोन धरील?”

“ही होडी नाही, वामन.”

“तं मंग ठीक हाय,” तो म्हणाला, पण त्याला पटलं नव्हतं. भाविकालाही पटलं नव्हतं. “आणि मी कुठे बसायचं?” तिने हसत विचारलं होतं. मी चित्र दाखवून समजावलं की सीट मधोमध असली की वजन कसं समतोल राहतं, वळणावर गाडी कशी बसून राहते. ती ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, “म्हणजे नाहीच.” तेव्हा मला वाटलं, बायकांना तोल समजत नाही. आज हे आठवलं की स्वतःचे कान उपटावेसे वाटतात.

वामनने माझं माप टेपने घेतलंच नाही. ओहोटी लागल्यावर तो मला किनाऱ्यावर घेऊन गेला, ओल्या रेतीचा उतार केला आणि त्यावर मला झोपवलं. गुडघे वाकवून खाली रेती भरली, कमरेखाली भरली, मुठी स्टिअरिंग धरल्यासारख्या हवेत ठेवायला लावल्या. मग दोन्ही खांद्यांवर हात ठेवून मला दाबलं, हळूहळू, पीठ दाबतात तसं. वर आभाळ, बाजूला लाटांचा आवाज, आणि पाठीतून गारवा चढत होता. कुठल्या बाईने, डॉक्टरने, आईनेसुद्धा मला इतकं पूर्ण हाताळलं नसेल. त्याने आणि त्याच्या हाताखालच्या पोराने मला अलगद उचललं, ठसा मोडू न देता. वाकून बघितलं तर रेतीत मी होतो. पाठ, मांड्या, आणि उजव्यापेक्षा बोटभर वर असलेला डावा खांदा, जो मला पन्नास वर्षांत ठाऊक नव्हता. वामनने त्यात प्लास्टर ओतलं. “आता ह्यात दुसरा कुनी बसू शकनार नाय,” तो म्हणाला. मला केवढा अभिमान वाटला. असं वाटलं की आता मी कुठेतरी कायमचा बसलो.

आरसा फुटल्यानंतर आठ दिवसांनी मी पालघरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो, कुणाला न सांगता. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसवतात, ठिणग्यांएवढे दिवे लागतात, दिसला की बटण दाबायचं. मी मोठ्या ईर्ष्येने दाबत होतो. मधेच बराच वेळ एकही दिवा लागला नाही तेव्हा मला वाटलं मशीन बंद पडलं. नंतर बाईंनी कागद समोर ठेवला. दोन वर्तुळं, दोन्ही डावीकडून निम्मी काळी. मग डोक्याचा फोटो काढून आणायला लावला आणि तो बघून म्हणाल्या, “डोळे ठणठणीत आहेत तुमचे. डोक्यात मागच्या बाजूला कधीतरी छोटा झटका येऊन गेलाय. तुम्हांला कळलाही नसेल.” मी म्हणालो, मला काळं दिसत नाही. “काळं दिसत नसतंच,” त्या म्हणाल्या. “तुम्हांला पाठीमागचं दिसतं का? तिथे काळं असतं का? तसंच हे.” गोळ्या लिहून दिल्या. गेलेलं परत येईल असं मी सांगत नाही, म्हणाल्या. आणि मग चष्मा काढून, “गाडी चालवता?”

“म्हणजे काय?”

“आजपासून नाही. स्कूटर, सायकल, काहीच नाही.”

“रस्त्यावर नाही चालवणार. मोकळ्या जमिनीवर?”

“जमीन मोकळी असेल हो. माणसं येतातच की चालत,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वेळी घरच्यांना घेऊन या.”

जुनी गाडी मी तिथे, दवाखान्याच्या बाहेरच ठेवली आणि सुजितला फोन करून सांगितलं, क्लच तपासायचाय, घेऊन जा. घरी जाताना रिक्षात आम्ही मागे चौघं कोंबलेलो. उजव्या बाजूला मी, रॉडला धरून. माहीमच्या रस्त्याला रिक्षा वळली तेव्हा मनात आलं, चला, आता दुसऱ्याच्या शेजारी बसून हिंडायचं. कुणीतरी चालवेल, मी बसेन. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्ट लक्षात आली. माझ्या गाडीत शेजार नाही. दोन सीटा असत्या तर मी तिच्यात बसलो असतो, डोळे मिटून बसलो असतो, इंजिन ऐकलं असतं. मी तशी जागाच ठेवली नव्हती. ठणकावून सांगितलं होतं, एकच. चालवायची नसेल तर त्या गाडीत मला पाय ठेवायला जागा नव्हती. रिक्षातल्या बाईने विचारलं, “बरं वाटत नाय का?” मी म्हणालो, धूळ गेली डोळ्यात.

घरी सांगितलं नाही. का नाही सांगितलं? भाविका रडली असती, तेजलने इंटरनेटवर सगळं वाचून काढलं असतं, आणि दोघींनी मिळून ती गाडी थांबवली असती. मला मरायची भीती नव्हती. ती गाडी न चालवता जगायची भीती होती. हे लिहायला लाज वाटते, पण त्या दिवसांत माझ्या मनात दुसरं काहीही नव्हतं. जुनी गाडी सुजितकडून आली आणि अंगणात धूळ खात पडली. मी कारखान्यात रिक्षाने जायला लागलो. भाविकाने त्याचं कारणही स्वतःच शोधून दिलं. शेजारणीला सांगत होती, “नवी यायची ना, जुनीवरचं मन उडालंय त्यांचं.” मी आयता मिळालेला खोटेपणा खिशात घातला. ताटात डावीकडे वाढलेलं मीठ, लिंबू आधी बोटाने चाचपायला शिकलो. दारांच्या डाव्या चौकटींनी माझा खांदा निळा केला. चालताना भाविकाला उजवीकडे घ्यायला लागलो, म्हणजे ती दिसत राहील. एकदा केळव्याच्या बाजारातून येताना ती म्हणाली, “हल्ली तुम्ही माझ्याकडे बघत चालता.” तिचा चेहरा खुलला होता. लग्नानंतरच्या दिवसांतली भाविका होती ती. मी काहीच बोललो नाही, आणि त्या न बोलण्याबद्दल मी स्वतःला कधीही माफ करणार नाही.

वामनचा फोन आला. “शेट, गाडी तयार हाय.”

“सुजितने चालवून बघितली?”

“कसा बघील? आला होता. मी परत धाडला.” वामनने सांगितलं ते असं: नवी होडी पाण्यात घालतात तेव्हा पहिला मालक चढतो. त्याच्याआधी कुणी आत बसायचं नाही, बांधणाऱ्यानेसुद्धा नाही, तो बाहेरूनच काम करतो. फायबर आलं तरी हे मोडलेलं नाही. सीट बसवल्यापासून त्याने गाडीला दोरी बांधून ठेवली होती. मी फोनवर ओरडलो. इंजिन तपासायला हवं, ब्रेक तपासायला हवेत, हे यंत्र आहे, होडी नव्हे. तो ऐकून घेत होता. “माझ्या वतीने सुजितला बसू दे,” मी शेवटी म्हणालो.

“तुमी जित्ते हाय ना शेट?” वामनने विचारलं. “मालक जित्ता असताना त्याच्या जागी दुसरा कसा बसंल?”

याला काय उत्तर देणार? मालक अर्धा गेलाय, असं? मी दोनदा तारीख पुढे ढकलली, एकदा तापाचं सांगून, एकदा कारखान्यातल्या तपासणीचं. तिसऱ्यांदा वामनने मला विचारलंच नाही. भाविकाला फोन करून रविवार ठरवला. तिने करंज्या केल्या.

जाताना गाडी तेजलने चालवावी हे मी मोठ्या खुबीने जमवलं. “आज मी एकच गाडी चालवणार,” म्हणालो, आणि दोघी हसल्या. तेजल बोईसरला एका प्रयोगशाळेत काम करते, अंगाने आईवर गेलीय, बुटकी, नीटस. तिला गाडी मीच शिकवली होती, म्हणजे मी ओरडत होतो आणि ती शिकत होती. एकदा भर रस्त्यात गाडी बंद करून ती उतरली आणि चालत घरी गेली. त्यानंतर पाच वर्षं तिने माझ्यासमोर स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आता बघत होतो. बघत म्हणजे ऐकत होतो. मी तिच्या डावीकडे बसलेलो, ती माझ्या उजवीकडे, सबंध दिसत होती. क्लच किती हलका सोडते. ब्रेक लागतोय हे पाण्याच्या बाटलीलासुद्धा कळू देत नाही. हे तिने कधी शिकून घेतलं? “बाबा, आज ओरडत नाही आहात,” ती म्हणाली. “बरं आहे ना सगळं?”

खाडीकाठी एक बंद पडलेलं मिठागर आहे. त्याच्या कडेची जमीन उन्हाने टणक झालेली, पांढुरकी, सपाट, पार झुडपांपर्यंत. ढकलत आणलेली गाडी तिथे मधोमध उभी होती. मी काही वर्णन करणार नाही. ओहोटीच्या पाण्याचा जो रंग, तो रंग. बाक जिथे असायला हवा होता तिथे होता. मला रडू आलं आणि ते लपवावंही लागलं नाही, सगळ्यांना वाटलं आनंदाने रडतोय. सुजित, वामन, वामनच्या घरची माणसं, आणखी कोण कोण, वीस-एक जण होते. बायकांनी गाडीला हळदकुंकू लावलं, वामनने नारळ फोडला आणि दोरी सोडली. मी मान फिरवून फिरवून जमीन तपासली. डावीकडे काही नव्हतं. “सगळे उजवीकडे थांबा,” मी म्हणालो. “सगळे. एकही माणूस डावीकडे नको.” सुजितने विचारलं, का? मी म्हणालो, धुराचं नळकांडं तिकडे आहे. असं माझं सगळं ठरलेलं. शंभर मीटर सरळ जायचं, वळायचं, यायचं, उतरायचं, मन भरलं म्हणायचं. कुणाला कळणार होतं?

आत उतरलो. सीटने मला घेतलं. रेतीतला तोच मी, तोच वर असलेला डावा खांदा, आणि त्या खांद्यालासुद्धा टेकायला जागा. कळ दाबली. आवाज मागून आला, बरगड्यांत शिरला, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या दातांपर्यंत पोहोचला. मी पंचावन्न वर्षांचा आहे आणि मला इतकं सुख कधीही झालेलं नव्हतं, लग्नात नाही, तेजल झाली तेव्हा नाही. पहिला गिअर. गाडी अशी सुटली की हातांना काही करावंच लागेना. उजवीकडून माणसं सरकत होती, टाळ्या वाजवत होती. भाविकाचा पदर दिसला. वामनने दोन्ही हात वर केले आणि जोरजोरात हलवले. मला वाटलं, त्यालाही आनंद झालाय. मीही एक हात वर केला. मग दुसरा गिअर टाकायला गेलो, आणि नवा क्लच माझ्या अंदाजापेक्षा आधीच सुटला. गाडीने एक गचका दिला आणि इंजिन बंद पडलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या क्लचला हसलेला मी, आणि माझ्या स्वतःच्या गाडीत माझं इंजिन बंद पडलं.

शांत झालं. त्या शांततेत डावीकडून, अगदी कानाजवळून, एक आवाज आला. “थांबलास, बेस केलास रं बाबा.”

मान वळवली. म्हातारी होती. डोक्यावर लाकडांची मोळी, ती धरायला वर गेलेला सुकलेला हात, आणि तिचा अनवाणी पाय माझ्या पुढच्या चाकापासून एका हातावर. झुडपांतून निघून ती रोजच्यासारखी मिठागर ओलांडत होती. मोळीमुळे तिला मान वळवता येत नव्हती, मला वळवावीशी वाटली नव्हती. माणसं धावत आली. “जिवले, मरशील एखांद दिस!” वामन ओरडला, आणि मग माझ्याकडे वळून, धापा टाकत, “शेट, मी हात केला, तुमाला दिसली नाय काय म्हातारी?”

“दिसली म्हणून तर थांबलो,” मी म्हणालो.

हे वाक्य मी म्हणालो. कुणी माझ्या तोंडात घातलं नाही. जिवलीने मोळी सावरली, मला म्हणाली, “देव तुजा बरा करो,” आणि गाडीच्या नाकासमोरून सावकाश पलीकडे गेली. ती उजवीकडे आली तेव्हा मला पूर्ण दिसली, पाठीवरचं फाटलेलं पोलकं, पिंढऱ्यांवरची धूळ. सगळे माझं कौतुक करत होते. सुजित म्हणाला, “काय ब्रेक मारला साहेब!” मी ब्रेक मारला नव्हता. मी ब्रेकला पायही लावला नव्हता. 

उतरलो. पाय आखडला म्हणालो. “तेजल, तू घे.”

तेजलने एकदा माझ्याकडे, एकदा आईकडे बघितलं. वामनने मान हलवली. “आता मालक बसला. आता कुनीबी बसू दे.” ती आत बसली तर पार बुडाली, पाय पोचेनात, माझ्या पाठीच्या जागी नुसती पोकळी. वामनने कुठूनतरी जुनं जाळं आणलं, घडी करून तिच्या पाठीमागे खोचलं, आणखी एक खाली घातलं. मी बघत होतो. माझ्या जागेत जाळी कोंबली जात होती आणि मला वाटलं होतं तितकं दुखलं नाही. नाही, खोटं कशाला, दुखलंच. तिने कळ दाबली. गाडी माझ्यापासून निघाली, लांब गेली, उजवीकडे वळण घेऊन परत यायला लागली. तेव्हा मी तो आवाज पहिल्यांदा बाहेरून ऐकला. आत बसणाऱ्याला हा आवाज कधीच मिळत नाही. पहिल्यावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, प्रत्येक गिअर जिथे बदलायला हवा तिथे बदलत होता.

भाविका येऊन माझा दंड धरून उभी राहिली होती. उन्हावर हात धरून ती बघत होती. गाडी उजवीकडून आली, मोठी झाली, आमच्यासमोर आली. नाक दिसलं, तेजलचे उडणारे केस दिसले, आणि मधोमध, ऐन मधोमध, आधी नाक गेलं, मग तेजल गेली, मग मागचं चाक गेलं. आवाज मात्र तसाच पुढे जात राहिला. मला मान वळवता आली असती. तीन महिने मी तेच करत आलो होतो, ते आता हाडात बसलं होतं. मी मान सरळ ठेवली.

“काय दिसते हो!” भाविका म्हणाली. “ती बघा, हात करतेय तुम्हांला. तुम्ही पण करा ना.” मी हलत नाही म्हटल्यावर तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मी समोर रिकाम्या जमिनीकडे बघत होतो. “अहो, तिकडे बघा की. दिसत नाही का?”

“नाही,” मी म्हणालो.

“उन्हामुळे?”

“उन्हामुळे नाही.”

तिची बोटं माझ्या दंडात रुतली. गाडी आता झुडपांपाशी पोहोचली असावी, कारण आवाज बारीक झाला होता. “आणि ती म्हातारी?” तिने अगदी हळू विचारलं.

“ती पण नाही,” मी म्हणालो.